यझ्द : वारा आणि पाणी धरून ठेवणारं शहर

आखातात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी दुबईचा अल फहीदी हा जुना भाग पाहिलेला असतो. पाहुणे आले की आपण त्यांना खाडीवर अब्रात बसवतो आणि मग त्या मातकट रंगाच्या गल्ल्यांमधून फिरवतो. तिथल्या घरांवर चौकोनी मनोरे आहेत. अरबीत त्यांना 'बर्जील' म्हणतात. पाहुणे विचारतात, हे काय आहे? आपण सांगतो, हा पूर्वीचा एसी. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. हे मनोरे समुद्रापलीकडून आले. १९व्या शतकाच्या अखेरीस आणि २०व्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण इराणातल्या बस्तक गावचे व्यापारी दुबईत येऊन राहिले, म्हणून त्या वस्तीचं जुनं नाव बस्तकिया. घर बांधायची आपल्या मुलखातली रीत त्यांनी सोबत आणली. ती रीत जिथे सगळ्यात फुलली, त्या शहरात आज जाऊया. शहराचं नाव यझ्द.

आधी एका शब्दाची ओळख करून घेऊ. फारसीत या मनोऱ्याला 'बादगीर' म्हणतात. 'बाद' म्हणजे वारा आणि 'गीर' म्हणजे धरणारा. जहांगीर या नावातला 'गीर' तोच, जग धरणारा. बादगीर म्हणजे वारा धरणारा. आपल्या मराठीत फारसी शब्द इतके मुरलेले आहेत की यझ्दच्या गल्ल्यांत असे ओळखीचे चेहरे अधूनमधून भेटत राहतील.

यझ्द हे इराणच्या मधोमध, इस्फहानच्या आग्नेयेला सुमारे २७० किलोमीटरवर, दोन वाळवंटांच्या बेचक्यात वसलेलं शहर. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,२०० मीटर. वर्षाचा पाऊस जेमतेम ५० ते ६० मिलिमीटर. मुंबईत जुलैतल्या एखाद्या दुपारी यापेक्षा जास्त पडतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर आणि हिवाळ्याच्या रात्री कडाक्याची थंडी. जवळपास नदी नाही. अशा जागी माणसानं शहर वसवावंच का, असा प्रश्न पडतो. कारण होतं व्यापार. पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या काफिल्यांच्या वाटेवर हे ठाणं होतं, आणि इथलं रेशीम नावाजलेलं होतं. १३व्या शतकात इथून गेलेल्या मार्को पोलोनं यझ्दच्या रेशमी कापडाची खास नोंद केली आहे. त्याच शतकात मंगोल टोळ्यांनी इराणातली शहरामागून शहरं उद्ध्वस्त केली, पण यझ्दच्या अताबेगांनी त्यांच्याशी जुळवून घेतलं आणि शहर वाचलं. म्हणून इथे जुनं इतकं टिकून राहिलं.

पण व्यापारी येतील, रेशीम विणलं जाईल, ते पाणी असेल तर. यझ्दची पहिली वास्तू जमिनीच्या वर दिसत नाही. ती जमिनीखाली आहे. तिचं नाव कनात. तंबूची कनात नव्हे. ही कनात म्हणजे भुयारी कालवा.

यझ्दच्या नैऋत्येला शीर कूह नावाचा ४,००० मीटरहून उंच डोंगर आहे. तिथे बर्फ पडतं, वितळतं आणि पायथ्याच्या जमिनीत मुरतं. पायथ्याशी एक खोल विहीर खणायची, पाणी लागेपर्यंत. ही 'मादर चाह', म्हणजे आईविहीर. मग तिथून शहरापर्यंत जमिनीखालून एक बोगदा न्यायचा. त्याला उतार द्यायचा, पण अगदी हलका. उतार जास्त झाला तर पाणी जोरात वाहून बोगद्याची माती कापेल, कमी झाला तर गाळ साचेल. वाटेत थोड्या थोड्या अंतरावर वरून उभ्या विहिरी पाडायच्या. त्यांतून खणलेली माती वर काढायची आणि आत काम करणाऱ्यांना हवा मिळायची. खणणाऱ्या कारागिराला 'मुकन्नी' म्हणतात. हातात कुदळ, दिवा आणि मोजमापाची दोरी, एवढ्यावर त्यानं किलोमीटरच्या किलोमीटर उतार साधला. बोगदा ढासळून, पाणी अंगावर येऊन किती मुकन्नी आत राहिले असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

यझ्दजवळच्या झार्च गावाच्या कनातीची लांबी ७० किलोमीटरहून अधिक आहे आणि तिच्यावर दोन हजारांहून जास्त उभ्या विहिरी आहेत. २०१६ साली युनेस्कोनं इराणातल्या अकरा कनाती जागतिक वारशात घेतल्या, त्यांत ती आहे. गंमत म्हणजे ही कनात यझ्दच्या जामे मशिदीच्या खालून जाते. मशिदीच्या अंगणातून पायऱ्या उतरून तिच्यापर्यंत जाता यायचं. अशा उतरणीला 'पायाब' म्हणतात.

पाणी आलं की वाटणीचं भांडण आलं. इराणात ते सोडवायला एक साधं भांडं वापरत. पाण्यानं भरलेल्या मोठ्या पातेल्यात तळाला बारीक भोक असलेली वाटी तरंगत सोडायची. वाटी भरून बुडाली की एक माप झालं. अमुक शेताला इतक्या वाट्या, तमुक बागेला तितक्या. ऐकताना घटिकापात्र आठवलं ना? आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त ज्या वाटीनं मोजला, त्याच जातीच्या वाटीनं तिथे शेताची पाळी मोजली.

हे तंत्र आपल्या मातीतही पोचलेलं आहे. १७व्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरानं खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, डोंगरातलं पाणी भुयारी नहरीनं आणलं. नहर-ए-अंबरी हे तिचं नाव. बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यातही तीच पद्धत दिसते. आणि आपण आखातात राहणाऱ्यांनी तर लांब जायलाच नको. ओमानमधले आणि अल ऐनमधले 'फलज' हे कनातीचेच सख्खे भाऊबंद आहेत.

शहरात आलेलं पाणी साठवायला 'आब-अंबार' बांधत. आब म्हणजे पाणी आणि अंबार म्हणजे कोठार. पन्हाळ्यावरचा अंबरखाना, धान्याचं कोठार, आठवला की हा शब्द लगेच उलगडतो. जमिनीत खोल खणलेली वर्तुळाकार टाकी, वर विटांचा घुमट, बाजूनं खाली उतरत जाणारा लांब जिना, आणि जिन्याच्या तळाशी तोटी. टाकीच्या भोवती बादगीर उभारायचे, म्हणजे पाण्यावरून वारा फिरत राहतो आणि पाणी गार व ताजं राहतं. यझ्दमध्ये एका आब-अंबाराला सहा बादगीर आहेत. लोक त्याला 'शश बादगीर' असंच म्हणतात. शश म्हणजे सहा.

आता गल्लीत येऊ. यझ्दचं जुनं शहर मातीचं आहे. उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा आणि त्यांच्यावर माती व भुसा एकत्र मळून दिलेला लेप. फारसीत त्याला 'काहगिल' म्हणतात; काह म्हणजे भुसा, गिल म्हणजे चिखल. आपला 'गिलावा' याच गिलवरून आला. भिंती जाड असतात. दिवसाचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि रात्रीचा गारवा आत पोचेपर्यंत सकाळ. गल्ल्या मुद्दाम अरुंद आणि वळणांच्या ठेवलेल्या आहेत, म्हणजे कुठल्या ना कुठल्या भिंतीची सावली रस्त्यावर असतेच आणि वाळूचं वादळ सरळ घुसू शकत नाही. काही ठिकाणी गल्लीवर कमानी टाकून छप्पर केलेलं असतं. त्याला 'साबात' म्हणतात. दोन्हीकडच्या भिंतींना आधार, चालणाऱ्याला सावली.

घराच्या दारावर दोन कड्या. एक जाड आणि जड, एक पातळ गोल. पुरुष आला तर त्यानं जड कडी वाजवायची, बाई आली तर तिनं हलकी. आवाजावरून आतल्यांना कळायचं की दार उघडायला कुणी जायचं. दार उघडलं की थेट अंगण दिसत नाही. आधी 'हश्ती' नावाची बहुधा अष्टकोनी देवडी लागते आणि तिथून वाट वळते. अंगणात हौद, डाळिंबाची झाडं. अंगणाच्या एका बाजूला उन्हाळ्यातल्या खोल्या, समोरच्या बाजूला हिवाळ्यातल्या. ऋतू बदलला की कुटुंब घरातल्या घरात बिऱ्हाड हलवायचं. आपल्या वाड्यांचा चौक, देवडी, दिवाणखाना डोळ्यांसमोर आणा. कुळ एकच नसेल, पण ऊन आणि आडोसा या दोन गरजांना दोन मुलखांनी दिलेली उत्तरं एकमेकांना ओळखतील इतकी जवळची आहेत.

आणि उन्हाळी खोलीच्या डोक्यावर बादगीर. तो चालतो कसा? मनोरा आतून उभ्या पडद्यांनी कप्प्यांत विभागलेला असतो. ज्या बाजूनं वारा येतो त्या बाजूच्या कप्प्यातून तो खाली ढकलला जातो, आणि खोलीतली गरम हवा विरुद्ध बाजूच्या कप्प्यातून वर ओढली जाते. वारा पडलेला असला तरी काम थांबत नाही. उन्हानं मनोऱ्याचा एक भाग तापतो, तिथली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी अंगणातली सावलीतली हवा खोलीत येते. मनोऱ्याखाली हौद ठेवला, तर पाण्यावरून गेलेली झुळूक आणखी गार होते. हे सगळं ना विजेवर, ना इंधनावर. जवळच्या अर्दकान गावात वारा ठरावीक दिशेनं येतो, म्हणून तिथले बादगीर बहुधा एकाच बाजूला उघडे. यझ्दला वारा दिशा बदलतो, म्हणून इथले बहुतेक चारही बाजूंना उघडे.

यांतला सगळ्यात उंच बादगीर दौलताबाद बागेत आहे. आपलं देवगिरीचं दौलताबाद नव्हे, नाव तेवढं सारखं. १८व्या शतकाच्या मध्यात यझ्दचा सुभेदार मोहम्मद तकी खान बाफ्की यानं ही बाग केली. तिच्यासाठी मेहरीझच्या बाजूनं कनातीचं पाणी आणलं. बागेतल्या महालावरचा अष्टकोनी बादगीर सुमारे ३३ मीटर उंच आहे, म्हणजे आजच्या दहा-अकरा मजली इमारतीइतका. त्याच्या खाली उभं राहिलं तर भर दुपारीही कपड्यांना वारा लागतो. २०११ साली युनेस्कोनं इराणातल्या ज्या नऊ बागा वारशात घेतल्या, त्यांत ही एक.

शहराच्या दोन मोठ्या खुणा सांगायला हव्यात. पहिली जामे मशीद. आज दिसणारी वास्तू मुख्यतः १४व्या शतकातली, पुढे तैमुरी काळात तिच्यात भर पडली. तिचं प्रवेशद्वार अरुंद आणि अतिशय उंच आहे, आणि त्याच्यावर दोन मीनार, जमिनीपासून सुमारे ५० मीटर. सगळं शहर मातीच्या रंगाचं आणि मध्येच ही निळी, फिरोजी फरशी. दुरून येणाऱ्या काफिल्याला वाळवंटातून आधी हेच दिसत असणार.

दुसरी खूण अमीर चखमाकचा चौक. तैमूरचा मुलगा शाहरुख याच्या काळात जलालुद्दीन अमीर चखमाक इथला सुभेदार होता. त्यानं आणि त्याची बायको फातिमा हिनं मशीद आणि तिच्याभोवती लोकांच्या सोयीच्या इमारती उभारल्या. मशीद १४३७ साली पूर्ण झाली. आज पोस्टकार्डांवर दिसणारा तीन मजली कमानींचा दर्शनी भाग मात्र बराच नंतरचा, १९व्या शतकातला आहे. त्याच्यासमोर लाकडाचा एक प्रचंड सांगाडा उभा असतो, पिंपळपानाच्या आकाराचा. हा 'नख्ल'. मोहरममध्ये असे नख्ल काळ्या कापडानं मढवून खांद्यावर उचलतात. आपल्याकडच्या गावांतले ताबूत ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही.

आता या शहराची एक बाजू, जी पर्यटनाच्या माहितीपत्रकात दोन ओळींत उरकलेली असते. यझ्द हे इराणातल्या झरतुष्ट्री लोकांचं, म्हणजे आपल्या पारशी आणि इराणी शेजाऱ्यांच्या धर्मबांधवांचं, शेवटचं मोठं ठाणं. 'मुस्लिम, झरतुष्ट्री आणि ज्यू शतकानुशतकं एकत्र नांदले' असं माहितीपत्रक सांगतं. एकत्र राहिले हे खरं. पण कसे राहिले, हे घरांच्या भिंती सांगतात.

नेपियर माल्कम नावाचा एक इंग्रज मिशनरी १९व्या शतकाच्या अखेरीस यझ्दला पाच वर्षं राहिला. १९०५ साली त्याचं पुस्तक निघालं. त्यात तो लिहितो की झरतुष्ट्री माणसाच्या घराच्या भिंती किती उंच असाव्यात याचा नियम होता. मुसलमान माणसानं उभं राहून हात वर केला तर भिंतीचा माथा हाताला लागला पाहिजे. वरचा मजला बांधायची मनाई. दोन फळ्यांच्या दाराला मनाई. जागा हवी असेल तर जमीन खोल खणून घ्या. आणि बादगीर? त्यालाही मनाई. १९००च्या सुमारास एका मोठ्या झरतुष्ट्री व्यापाऱ्यानं सुभेदाराला आणि शहरातल्या प्रमुख धर्मगुरूला भारी नजराणा दिला, तेव्हा कुठे त्याला आपल्या घरावर बादगीर बांधता आला.

श्रोतेहो, इथे क्षणभर थांबूया. चाळीस अंशांच्या शहरात बादगीर ही चैन नव्हे. तरीही वारा कुणी धरायचा आणि कुणी नाही, हे धर्मावरून ठरत होतं. बादगीराची उंची ही घराच्या प्रतिष्ठेची निशाणी होती आणि त्याचं नसणं ही घराच्या पायरीची. म्हणून यझ्दच्या छपरांकडे बघताना नुसतं 'वा, काय तंत्र आहे' म्हणून पुढे जाता येत नाही.

या गोष्टीत मुंबईचा भाग मोठा आहे. १८५४ साली मुंबईच्या पारशी समाजानं इराणातल्या धर्मबांधवांची स्थिती सुधारण्यासाठी मंडळ काढून एक माणूस तिकडे पाठवला. माणेकजी लिमजी हटारिया हे त्यांचं नाव. मूळ सुरतेकडचे. ते गेले आणि १८९०मध्ये तेहरानला मृत्यू येईपर्यंत याच कामात राहिले. झरतुष्ट्र्यांकडून बिगर-मुस्लिम म्हणून घेतला जाणारा जिझिया कर हे सगळ्यात मोठं ओझं होतं. माणेकजींनी त्यासाठी दरबारी अर्ज केले, शिष्टाई केली, मुंबईहून पैसा उभा केला. जवळजवळ तीस वर्षांच्या खटपटीनंतर १८८२ साली नासिरुद्दीन शाहनं जिझिया रद्द केल्याचं फर्मान काढलं. शाळा निघाल्या, अग्यारी आणि दख्मे दुरुस्त झाले. यझ्दच्या दक्षिणेला दोन टेकड्यांवर जे गोल दख्मे आज दिसतात, त्यांतल्या एकाला माणेकजींचंच नाव आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ते वापरातून गेले.

१९३४ साली यझ्दला नवं आतश बेहराम, म्हणजे सर्वोच्च दर्जाचं अग्निमंदिर, उभं राहिलं. पैसा मुख्यतः हिंदुस्थानातल्या पारशी समाजाचा. आतला अग्नी इसवी सन ४७०च्या सुमारापासून अखंड तेवत आहे, गावोगाव लपत-हलत तो इथवर आला, असं परंपरा सांगते. आत जाण्याआधी त्या इमारतीकडे बाहेरून नीट पाहावं. पुढे गोल हौद, उंच जोत्यावर खांबांचा ओटा, आणि माथ्यावर पंख पसरलेली फरवहरची आकृती. ज्या समाजाची देवळं शेकडो वर्षं शेजारच्या घरांपासून ओळखू येऊ नयेत अशी बुटकी आणि साधी बांधावी लागली, त्यानं बांधलेली ही उघड्यावरची, दुरून दिसणारी इमारत. आज जगात एकूण नऊ आतश बेहराम आहेत. आठ भारतात, आणि नववं हे.

माणेकजी गेले त्याच वाटेनं उलट दिशेला लोक मुंबईला आले. यझ्द आणि केरमान भागातल्या खेड्यांमधून, गरिबीला आणि जाचाला कंटाळून निघालेली ही माणसं. त्यांना आपण इराणी म्हणू लागलो. मुंबई-पुण्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर त्यांनी चहाची हॉटेलं काढली. उंच छत, मोठी दारं, संगमरवरी टेबलं. बन-मस्का आणि पानीकम चहावर वाढलेल्या आपल्या कित्येक पिढ्यांना यझ्द हे नाव माहीत नव्हतं, पण यझ्दची माणसं माहीत होती.

आणि आजचं यझ्द? २०१७ साली युनेस्कोनं जुन्या शहराचा सुमारे १९५ हेक्टरचा भाग जागतिक वारशात घेतला. काही जुने वाडे आता हॉटेलं झाले आहेत. पण जुन्या शहरातली बरीच कुटुंबं नव्या वस्तीत राहायला गेली. मातीच्या घराला दर काही वर्षांनी नवा लेप लागतो. राहतं माणूस गेलं की लेप जातो, आणि लेप गेला की भिंत पावसाच्या एका सरीत विरघळू लागते. कनातींचं दुखणं आणखी खोल आहे. गेल्या शतकात विजेचे पंप आले. खोल बोअर मारून प्रत्येकानं आपापलं पाणी उपसलं, भूजल खाली गेलं आणि अनेक कनाती कोरड्या पडल्या. कनातीत एक शहाणपण होतं. डोंगरानं दिलं तेवढंच पाणी ती द्यायची, आणि ते वाटून घ्यावं लागायचं. पंपाला ती मर्यादा नाही. आता यझ्दला इस्फहानकडून, झायंदे रूद नदीचं पाणी नळानं आणावं लागतं. तिकडच्या नदीलाही पाणी उरलेलं नाही, आणि इस्फहानच्या शेतकऱ्यांनी रागानं ती पाइपलाइन फोडल्याचे प्रसंग घडले आहेत. मराठवाड्यातून आलेल्या श्रोत्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

हजार वर्षं या शहरानं दोनच गोष्टी नीट सांभाळल्या, पाणी आणि वारा. त्या सांभाळताना कौशल्य केवढं होतं ते आज पाहिलं, आणि वाटणीत अन्याय कुठे होता तेही पाहिलं. दोन्ही एकाच मातीत कालवलेलं आहे. म्हणून अशा वास्तूकडे बघताना दोन प्रश्न सोबत ठेवावेत. हे कसं बांधलं, हा एक. आणि हे बांधायची परवानगी कुणाला होती, हा दुसरा. यझ्दपुरतंच हे नाही. आपल्या गावच्या पाणवठ्यालाही हेच दोन प्रश्न लागू पडतात.

आजच्या भागात इतकंच. तुमच्या ओळखीत कुणाचं घराणं यझ्दकडून मुंबई-पुण्याला आलेलं असेल, तर त्यांच्या आजी-आजोबांच्या गावाचं नाव आणि तिथल्या घराच्या आठवणी जरूर विचारून ठेवा. अशा आठवणी पुस्तकांत फारशा सापडत नाहीत. पुन्हा भेटूया पुढच्या भागात. तोवर नमस्कार.